सलूनच्या घराची घरपट्टी

ताईने ते घर घेतलं तेव्हा तिने कुणाला काहीही विचारलं नाही. दलालाने दार उघडलं, आतल्या दोन खोल्या दाखवल्या, मागचं स्वयंपाकघर दाखवलं, नळ सोडून पाण्याची धार दाखवली आणि सगळ्यात शेवटी, जरा घाईघाईनेच, पुढची खोली दाखवली. पुढची खोली म्हणजे अख्खं सलून होतं. जमिनीत बोल्ट ठोकून पक्की बसवलेली मोठी खुर्ची, समोर भिंतभर आरसा, आरशाखाली लांब फळी, कोपऱ्यात बेसिन आणि गिऱ्हाइकांनी आपला नंबर येईपर्यंत बसायचा बाक. हे काय, एका दिवसात निघेल, असं दलाल म्हणाला. ताई म्हणाली, "बरं." भाव सांगितला तेव्हाही तिने "बरं" म्हटलं. दलाल बिचारा घासाघीस करायची पूर्ण तयारी करून आला होता. ती करायलाच मिळाली नाही म्हणून तो थोडा हिरमुसला.

तिला घरी-दारी सगळे ताईच म्हणत. धाकटा भाऊ म्हणे म्हणून शेजारीपाजारी म्हणू लागले, आणि पुढे ज्या लॅबमध्ये ती दातांच्या कवळ्या बनवायची तिथेही तेच नाव चालू झालं. वयाची पन्नाशी ओलांडली होती. लग्न केलं नव्हतं. म्हणजे आधी राहून गेलं, आणि नंतर आई अंथरुणाला खिळली तेव्हा तो विषयच संपला. बारा-चौदा वर्षं आई पलंगावर होती. तिचं अंग पुसणं, कूस बदलणं, नखं काढणं, महिन्या-दीड महिन्याने तिचे केस बारीक कापणं हे सगळं ताई लॅबला जायच्या आधी आणि लॅबमधून आल्यावर करायची. कुणी कौतुक केलं की तिला अवघडल्यासारखं व्हायचं. घरातला केर काढल्याबद्दल कुणी हार घालावा, तसं.

मग आई गेली. भेटायला आलेली माणसं ताईच्या तोंडाकडे बघत बसली. आता हिचा बांध फुटेल, मग फुटेल. ताईने चादरींच्या घड्या घातल्या, औषधांच्या बाटल्या पिशवीत भरल्या, पलंग भाड्याने आणला होता तो परत पाठवला. बांध काही फुटला नाही. दात काढताना इंजेक्शन देतात, त्यानंतर गाल सुन्न होतो आणि माणूस स्वतःचाच गाल चावतो तरी त्याला कळत नाही. ताईने असे चावलेले गाल लॅबशेजारच्या दवाखान्यात खूप पाहिले होते. आपलंही तसंच काहीसं झालंय, उतरेल हळूहळू, असं तिने मनाशी ठरवून टाकलं. पण आठवडे गेले, महिने गेले, ते उतरायचं नाव घेईना.

आईचा फ्लॅट विकला. अर्धे पैसे भावाचे, अर्धे ताईचे. यात भावाचं काही चुकलं असं नाही. त्याच्या डोक्यावर दोन मुलांची शिक्षणं होती. पण उरलेल्या अर्ध्यात त्या मोठ्या शहरात ताईला गाडी उभी करण्यापुरतीसुद्धा जागा मिळाली नसती. मग भावानेच शोधाशोध केली. तीन तासांच्या अंतरावरचं लहान गाव, तिथे दातांची एक लॅब, लॅबला अनुभवी माणूस हवं होतं, आणि लॅबपासून चालत जाता येईल असं हे सलूनचं घर. एवढं सगळं जुळून आलंय म्हटल्यावर भावाने सुटकेचा निःश्वास सोडला. घर एवढं स्वस्त का, हे त्यानेही विचारलं नाही.

सामान लावून झालं. आतल्या खोल्यांत ताई राहू लागली, पुढची खोली होती तशीच ठेवली. एका दिवसाचं काम म्हणून दलाल सांगून गेला होता, पण तो एक दिवस कधी उगवलाच नाही. ती कामावरून यायची, सलूनच्या दारातून आत शिरायची, आरशात आपल्यासोबत चालत येणारी एक बाई दिसायची, तिच्याकडे न बघता मागे निघून जायची.

गिऱ्हाइकं मात्र यायची थांबली नव्हती. रविवारी सकाळी दारावर टकटक व्हायची. दुकान बंद झालंय, असं ताई सांगायची, आणि माणसं तिच्या खांद्यावरून आतल्या खुर्चीकडे बघायची. जणू बाई काहीतरी लपवतेय. एक गृहस्थ म्हणाले, हरकत नाही, आलोच आहे तर जरा आरशात बघून घेतो. आत आले, खिशातला कंगवा काढला, भांग पाडला, मान दोन्हीकडे वळवून पाहिली आणि आभार मानून गेले. पुढच्या रविवारी परत आले. ताईने त्यांना कधी अडवलं नाही. अडवायचं म्हणजे आधी काहीतरी वाटावं लागतं.

घरपट्टीचं बिल आलं तेव्हा ताईने ते उघडलं, आकडा वाचला आणि साखरेच्या डब्याखाली ठेवून दिलं. काही दिवसांनी स्मरणपत्र आलं, तेही तिथेच गेलं. दोन महिन्यांनी भाऊ भेटायला आला, चहात साखर घालायला डबा उचलला आणि डबा हातात घेऊन तसाच उभा राहिला.

"ताई, ही घरपट्टी आहे की घरभाडं?"

आकडा तसाच होता. ताईचा दोन महिन्यांचा पगार ओतला असता तरी थोडे कमीच पडले असते. भावाने बिल खालून वरून वाचलं. घराच्या नावापुढे 'दुकान' लिहिलं होतं आणि अख्ख्या घराला, स्वयंपाकघर आणि न्हाणीघरासकट, दुकानाचा दर लावला होता. घर स्वस्त का, याचा उलगडा त्याला त्या क्षणी झाला आणि त्याच्या कपाळावर घाम आला. मग तो दलालाला बोल लावू लागला, मग सलूनवाल्याला, आणि शेवटी कुणीच उरलं नाही तेव्हा स्वतःला. आपण कागद नीट बघायला हवे होते, असं तो पुन्हा पुन्हा म्हणाला. ताईने त्याच्यापुढे बिस्किटं ठेवली. तिचंच घर, तिचाच पैसा, आणि समजूत काढायची पाळीही तिच्यावरच आली.

भावाने जाताना तिच्याकडून वदवून घेतलं म्हणून ती नगरपालिकेत गेली. लांबलचक खोली, टेबलांची रांग, एका टेबलावरून दुसऱ्यावर पाठवणं, सगळं व्हायचं तसं झालं. खिडकीतल्या कारकुनाने तिला सांगितलं की दप्तरी जोवर दुकान आहे तोवर दर दुकानाचाच. हरकतीचा अर्ज द्यायचा. मग निरीक्षक येऊन घर पाहून जातील. दुकान नाही याची त्यांची खात्री पटली पाहिजे. पाटी, खुर्ची, आरसा, काही दिसता कामा नये. ताईने अर्ज भरला. निरीक्षक पुढल्या बुधवारी येतील असं ठरलं.

पाटी तिने स्टुलावर चढून स्वतःच काढली. आरसा काढायला काचवाला मिळाला, पण तो म्हणाला, खुर्ची आधी काढा, नाहीतर मला शिडी लावता येणार नाही. खुर्चीचे बोल्ट ताईला हलेनात. तेव्हा तिने ज्याच्याकडून घर घेतलं त्या सलूनवाल्या काकांना निरोप पाठवला. ते त्याच गावात लेकीकडे राहत होते.

काका दुसऱ्याच दिवशी पाना घेऊन आले. उंच, वाकलेले, अंगावर स्वच्छ इस्त्रीचा शर्ट. गुडघे टेकून त्यांनी बोल्टला पाना लावला, आणि पाना बोल्टच्या डोक्यावर टकटक वाजायला लागला. त्यांचे दोन्ही हात थरथरत होते. ताईने ते पाहिलं. थोड्या वेळाने त्यांनी पाना खाली ठेवला, खुर्चीचा हात धरून उठले आणि खुर्चीतच बसले.

"याच्यामुळेच बंद केलं," हातांकडे बघत ते म्हणाले. "एका माणसाच्या कानाला वस्तरा लागला. थोडंसंच लागलं. पण तो दुसऱ्या महिन्यात परत आला आणि पुन्हा माझ्यापुढे मान करून बसला. मलाच ते सहन होईना."

ताईने त्यांना चहा दिला. कप अर्धाच भरला, म्हणजे सांडणार नाही. आईसाठी ती असाच भरायची. मग उभ्याउभ्याच तिने विचारलं, घरपट्टीचं आधी सांगितलं का नाहीत. तिच्या आवाजात राग नव्हता. औषध संपलं का, असं विचारावं तशा सुरात तिने विचारलं.

काकांनी कप दोन्ही हातांनी धरून खाली ठेवला. "ताई, तुम्ही विचारलंच नाहीत. खोटं नाही सांगत, मी वाट बघत होतो तुम्ही विचाराल म्हणून. सगळ्यांनी विचारलं आणि सगळे पळून गेले. तुम्ही एकट्या बरं म्हणालात." मग ते म्हणाले, "ते बरं म्हणणं मला फार दिवस छळत होतं."

दुकान चालत होतं तोवर पट्टी दुकानातूनच निघायची, असं त्यांनी सांगितलं. बायको गेल्यापासून ते लेकीकडे झोपायला जायचे, मागच्या खोल्यांत नुसतं सामान असायचं, म्हणून सगळ्यालाच दुकानाचा दर लागला. हात गेले आणि पट्टी डोईजड झाली. माझ्या ओळखीचा वेल्डर आहे, मंगळवारी पाठवतो, तो बोल्ट कापून देईल, एवढं बोलून ते गेले. फळीखालच्या खणातलं सामान त्यांनी नेलं नाही. कात्र्या, कंगवे आणि धुतलेली पांढरी कापडं तशीच राहिली.

मंगळवारी वेल्डर आला नाही. वेल्डरच तो. बुधवारी सकाळी येतो म्हणाला.

बुधवारी ताईने लॅबमधून सुट्टी घेतली आणि वेल्डरची वाट बघत बसली. दहाच्या सुमाराला दार वाजलं. वेल्डर नव्हता. ऐंशीच्या घरातले एक आजोबा होते आणि त्यांचा दंड धरून उभी असलेली त्यांची सून. आजोबांचे पांढरे केस कानांवरून खाली आले होते. सुनेचा चेहरा रात्ररात्र न झोपलेल्या माणसाचा होता. तो चेहरा ताईने ओळखला. बरीच वर्षं तिने तो रोज आरशात पाहिला होता.

दुकान बंद झालंय हे मला माहीत आहे, असं सूनच आधी म्हणाली. पण यांना ते पटत नाही. यांना आता फारसं काही आठवत नाही, घड्याळं दुरुस्त करायचे ते विसरले, मुलाचं नाव विसरले, हे दुकान तेवढं विसरत नाहीत. घरी केसांना हात लावू देत नाहीत. सकाळपासून निघायचं निघायचं करून घर डोक्यावर घेतलंय. जरा खुर्चीत बसू द्या, शांत होतील, तेवढ्यात मी बँकेचं काम उरकून येते. हे सगळं तिने एका दमात सांगितलं आणि ताई हो-नाही म्हणायच्या आत आजोबा तिच्या बाजूने आत शिरून खुर्चीत बसलेसुद्धा.

सून गेली. आजोबा आरशात बघत स्वस्थ बसले. दोन मिनिटं गेली, पाच गेली. मग त्यांनी मान थोडी पुढे केली, कापड बांधायला करतात तशी, आणि तशीच ठेवली.

ताई मागे उभी होती. ती पुढे केलेली मान तिच्यासमोर होती. मानेवर बारीक सुरकुत्या, मधोमध एक खळगा, त्यात उतरलेली केसांची बारीक लव. तिने खण उघडला, पांढरं कापड काढलं, झटकलं आणि त्यांच्या गळ्याभोवती बांधलं. गाठ फार आवळली नाही ना, म्हणून मध्ये दोन बोटं घालून पाहिली. मग कात्री घेतली.

तिचे हात आपोआप चालू लागले. केस बोटांत धरायचे, जेवढे बोटांबाहेर राहतील तेवढे कापायचे. कानापाशी आल्यावर कानाची पाळी अंगठ्याने हलकेच दुमडायची. म्हाताऱ्या माणसाचा कान किती मऊ असतो, हे ती विसरली होती. डोक्याची ऊब तळव्याला लागत होती. तिचा श्वास एकदा अडखळला. तिने कात्री थांबवली, थोडं थांबली आणि परत कापू लागली. त्यापलीकडे काही झालं नाही.

"नमस्कार, घरपट्टी विभागातून आलोय," असं कुणीतरी दारातून म्हणालं.

दारात एक चाळिशीतला माणूस उभा होता, काखेत फाइल, हातात मोजायची टेप. ताईच्या एका हातात कात्री होती आणि दुसऱ्या हातात गिऱ्हाइकाचा कान.

आजोबांनी आरशातूनच त्याच्याकडे पाहिलं. "बसा," ते म्हणाले. "माझं झालं की तुमचा नंबर."

निरीक्षक बसला. का बसला ते त्यालाही सांगता आलं नसतं. बाकावर फाइल मांडीवर घेऊन, टेप मुठीत धरून, तो शाळेतल्या मुलासारखा गप्प बसून राहिला. ताईने अर्धवट डोकं तसंच सोडलं नाही. उरलेली बाजू कापली, मानेवरची लव साफ केली, ब्रशने केस झटकले. कापड सोडलं तेव्हा आजोबांनी तिचा हात धरून आपल्या गालावर टेकवला आणि सोडून दिला. ही त्यांची जुनी सवय होती की आत्ताची, हे सांगायला तिथे कुणी नव्हतं.

आता निदान काही तरी सांगून पाहता आलं असतं. हे ओळखीचे आहेत, पैसे घेतले नाहीत, असं काहीबाही. निरीक्षकही तेच विचारायला तोंड उघडत होता, तेवढ्यात सून परत आली. सासऱ्यांचं डोकं पाहून तिचे डोळे भरून आले. तिने पर्स उघडली आणि आरशाखालच्या फळीवर, नेहमी ठेवायची त्या जागी, पैसे ठेवले. ताई नको म्हणेपर्यंत ती आजोबांना घेऊन रस्त्यावर पोहोचलीही होती.

खोलीत दोघेच उरले. निरीक्षकाने फळीवरच्या नोटेकडे पाहिलं, जमिनीवरच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं.

"मॅडम, मी जे पाहिलं ते मला लिहावं लागेल."

"लिहा," ताई म्हणाली, आणि झाडू आणायला गेली.

ती भांडत नाही, रडत नाही, हात जोडत नाही, याने तो माणूस गोंधळला असावा. रोज जाईल तिथे त्याला या तिन्हींपैकी काहीतरी भेटायचं. त्याने पुढची खोली मोजली, मग विचारलं, मागे कोण राहतं. मीच राहते, ताई म्हणाली. तो मागे गेला. तिचा पलंग, वाळत घातलेले कपडे, ओट्यावरचा एकच कप, हे सगळं त्याने उभं राहून पाहिलं. बाहेर येऊन त्याने सांगितलं की पुढची खोली दुकान म्हणूनच राहणार, त्याला इलाज नाही. पण मागे माणूस राहत असेल तर मागच्या भागाला राहत्या घराचा दर लागायला हवा. त्यासाठी अर्ज वेगळा. कारकून आपणहून सांगणार नाही. आणि रक्कम चार हप्त्यांत भरता येते, तेही आपणहून कुणी सांगत नाही. दारापर्यंत गेल्यावर तो मागे वळला आणि त्याने चुकून एकदा आरशात बघून केसांवरून हात फिरवला.

वेल्डर दुपारी आला, काका त्याच्यासोबत होते. ताईने सकाळी घडलं ते सांगितलं. काका आधी हळहळले आणि मग, कापलेले केस अजून केराच्या सुपलीत होते ते बघून, कसे कापले, कानामागे कसे घेतले, हे विचारू लागले. खुर्ची राहू दे, असं ताई वेल्डरला म्हणाली. त्याला जाण्या-येण्याचे पैसे दिले.

दुसरा अर्ज दिला. तीन महिने खेटे घालून मंजूर झाला. पट्टी जवळजवळ निम्म्यावर आली. तरी निवासी घराच्या मानाने जास्तच. दुकानाची पट्टी भरायचीच आहे तर दुकान रिकामं ठेवून काय करायचं, असा सरळ हिशेब ताईने केला. सलून चालवणं तिचं काम नव्हतं. पण तुटलेल्या कवळ्या सांधायला, टोचणारी कड घासून द्यायला लॅबच्या मालकांनी तिला घरी परवानगी दिली. ही किरकोळ कामं त्यांनाही नकोच होती. शनिवार-रविवारी म्हातारी माणसं रुमालात गुंडाळलेल्या कवळ्या घेऊन यायला लागली. खुर्चीत बसायची, कवळी घालून आरशात हसून बघायची. घड्याळवाल्या आजोबांची सून महिन्यातून एकदा त्यांना आणायची. त्यांचे केस ताई कापायची, पैसे घ्यायची नाही. काका कधीमधी येऊन बाकावर बसायचे आणि कुणी विचारलं नाही तरी सल्ले द्यायचे. पहिल्या दोन हप्त्यांना भावाने हातभार लावला. ताईने तो नाकारला नाही.

ती सुधारली का, हे भाऊ भेटायला आला की फोनवर आपल्या बायकोला सांगायला बघायचा, पण त्याला नीट सांगता यायचं नाही. ती तशीच होती. बरं म्हणायची. विचारलं तेवढंच बोलायची.

चौथा हप्ता भरायला ती नगरपालिकेत गेली तो दिवस मुदतीनंतरचा होता. शेवटच्या तारखेला कार्यालयच बंद होतं, सार्वजनिक सुट्टी. खिडकीतल्या कारकुनाने दंड लावला. रक्कम क्षुल्लक होती, एका चहाइतकी. ताई म्हणाली, तुमचं कार्यालय बंद होतं. तो म्हणाला, आदल्या दिवशी यायचं. पैसे काढायला तिने पर्स उघडली आणि उघडलेली पर्स हातात धरून ती थांबली.

"नाही भरणार," ती म्हणाली.

मागच्या रांगेतली माणसं पुढे वाकली. ताईचा आवाज चढला. तुम्ही दार बंद करून बसायचं आणि दंड आम्ही भरायचा, हा कुठला न्याय, वर्षभर तुमच्या पायऱ्या झिजवल्या, एकाने तरी नीट सांगितलं का, असं ती बोलत गेली, बोलत गेली. तिचं तिलाच ऐकू येत होतं आणि हा कुणाचा आवाज आहे ते कळत नव्हतं. तोंड लाल झालं होतं. खिडकीच्या कडेवर तिने मूठ आपटली तेव्हा हाताला चांगलंच लागलं. कारकुनाने आत जाऊन साहेबांना विचारलं, परत आला, दंडाचा आकडा खोडला आणि मान वर न करता पावती फाडून दिली.

पावती घेऊन ताई बाहेर आली आणि पायऱ्यांवर बसली. कान तापले होते, मूठ ठणकत होती. तिने मूठ उघडली आणि ठणकणाऱ्या जागेवर दुसऱ्या हाताचा अंगठा दाबून बघितलं. दुखलं. पुन्हा दाबलं. मग ती तिथेच बसून, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या वाटेत, बराच वेळ रडली. एक बाई वाकून म्हणाली, फार दंड लावला का हो. ताईने मान हलवून नाही म्हटलं आणि डोळे पुसायला पर्समध्ये रुमाल शोधू लागली.